खोक्यातली चिठ्ठी

ग्रनोबल हे फ्रान्सच्या आग्नेय कोपऱ्यातलं, आल्प्सच्या पायथ्याचं शहर. १९६२ साली तिथल्या बेर्तिए या लहानशा औषध प्रयोगशाळेपुढे एक क्षुल्लक अडचण आली. पिएर एमार या संशोधक विद्यार्थ्याने खेलिनपासून काही नवी संयुगं बनवली होती. खेलिन हे इजिप्तकडे उगवणाऱ्या, आपल्या ओव्याच्या भाऊबंदांत मोडणाऱ्या एका झुडपातलं द्रव्य. संयुगं बनली खरी, पण ती विरघळेनात. आणि न विरघळणारी पूड प्राण्यांना टोचणार कशी? बेर्तिएमधले म्यूनिए बिस्मथचे क्षार विरघळवायला एक आम्ल वापरत असत. तेच वापरून बघा, असं त्यांनी सुचवलं. त्याचं नाव व्हॅल्प्रोइक आम्ल. बेव्हर्ली बर्टन या अमेरिकी रसायनतज्ज्ञाने ते १८८२ मध्येच तयार केलं होतं, आणि गेली ऐंशी वर्षं दुसऱ्यांना आपल्यात सामावून घेणं एवढंच त्याच्या वाट्याला आलं होतं. त्याचा स्वतःचा शरीरावर काही परिणाम होत असेल, अशी शंकाही कुणाला शिवली नव्हती.

एमारची संयुगं त्यात विरघळवून प्राण्यांना दिली गेली, मग त्यांना झटके आणणारं रसायन टोचलं. झटके आले नाहीत. पुढे एक निराळंच, वेगळ्या जातकुळीचं संयुग त्याच आम्लात विरघळवून तपासलं, तर तेही तितकंच गुणकारी निघालं. आता मात्र खटकलं. दोन्हीकडे सारखं असं एकच होतं, ते विद्रावक. नुसतं विद्रावक देऊन पाहिलं, आणि झटके तरीही थांबले. वऱ्हाडी बाजूला राहिले आणि वाजंत्रीच नवरदेव ठरला. १९६३ मध्ये हे निष्कर्ष छापून आले, १९६४ मध्ये जॉर्ज कारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांवरचे अनुभव मांडले आणि १९६७ मध्ये ‘डेपाकिन’ या नावाने त्याच आम्लाचा क्षार, सोडियम व्हॅल्प्रोएट, फ्रान्सच्या दुकानांत आला.

या गोळीचं स्वागत एवढं का झालं, हे कळायला तिच्या आधीची औषधं आठवावी लागतात. १८५७ पासून ब्रोमाइड होतं. त्याने फिट्स कमी होत, पण माणूस सुस्त, मंद होई आणि तोंडभर पुरळ उठे. १९१२ मध्ये आल्फ्रेड हाउप्टमान या जर्मन डॉक्टरने फिनोबार्बिटालचा उपयोग दाखवला. ते मुळात झोपेचं औषध, त्यामुळे पेंग ठरलेली. १९३८ मध्ये बॉस्टनच्या मेरिट आणि पटनम यांनी फेनिटॉइन आणलं. गुंगी न आणता फिट्स आवरणारं हे पहिलं महत्त्वाचं औषध. पण वर्षभरातच डॉक्टरांना एक नवल दिसू लागलं: हे औषध घेणाऱ्यांच्या हिरड्या सुजून, वाढून दातांवर चढत होत्या. शिवाय फेनिटॉइनचा हिशेब अवघड. यकृताची ते पचवण्याची कुवत एका मर्यादेला आली की डोस थोडासा वाढवला तरी रक्तातली पातळी एकदम उसळते, माणूस झोकांड्या खाऊ लागतो आणि डोळे थरथरतात. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात १९६८ मध्ये एका कंपनीने कॅप्सूलमधलं औषध तेवढंच ठेवून त्यातला भरीचा पदार्थ बदलला. कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज घातलं. औषध जास्त शोषलं जाऊ लागलं आणि गावातले फेनिटॉइनचे रुग्ण विषबाधा झाल्यासारखे डगमगू लागले. चिठ्ठीतला डोस तोच, कॅप्सूलवरचे मिलिग्रॅम तेच. कारण शोधायला वेळ लागला, यात नवल नाही.

अशा पार्श्वभूमीवर व्हॅल्प्रोएट आलं. अंग ताठ होऊन झटके देणारी मोठी फिट असो, शाळकरी पोर वर्गात बसल्याबसल्या दहा सेकंद शून्यात बघत राहतं ती लहान फिट असो, की सकाळी उठल्यावर हातातली कपबशी उडवून देणारे झटके असोत, या गोळीला सगळं चालत असे. विशेषतः किशोरवयात सुरू होणाऱ्या त्या सकाळच्या झटक्यांवर तिच्या तोडीचं औषध आजही सहज सापडत नाही. त्रास होते, पण ते दिसणारे होते. भूक वाढून वजन चढतं, केस गळतात आणि कधी पुन्हा कुरळे उगवतात, चहाचा कप धरताना बोटं थरथरतात, सुरुवातीला पोट ढवळतं. फिट्सपासून सुटका होत असेल तर एवढं चालवून घेऊ, असं पुष्कळांनी ठरवलं, आणि त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. अमेरिकेत ही गोळी १९७८ साली आली, फ्रान्सनंतर अकरा वर्षांनी.

पहिला मोठा हादरा यकृताचा. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस लहान मुलांचे मृत्यू नोंदले जाऊ लागले: मूल मलूल होई, खाणं सोडी, उलट्या, मग कावीळ. आवरलेल्या फिट्स पुन्हा उसळत, आणि घरच्यांना वाटे औषध कमी पडतंय. फ्रिट्झ ड्रायफस यांनी अमेरिकेतल्या अशा मृत्यूंचा हिशेब मांडला, तो १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांच्या आतलं मूल आणि व्हॅल्प्रोएटबरोबर फिट्सची आणखीही औषधं, अशा जोडीत दर पाचशेंमागे एक मृत्यू. फक्त व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांत मात्र सदतीस हजारांमागे एक. या दोन आकड्यांनी डॉक्टरांची सवय बदलली. तान्ह्या मुलांना ही गोळी देताना हात आखडला आणि मृत्यू कमी झाले. माहिती जमली, छापली गेली, चिठ्ठी लिहिणाऱ्या हातापर्यंत पोचली आणि हाताने ऐकलं. पुढची गोष्ट वाचताना हे उदाहरण ध्यानात असलेलं बरं, कारण त्याच गोळीच्या बाबतीत, त्याच दशकात, दुसरीकडे असं घडलं नाही.

गर्भवतींना दिलेल्या थॅलिडोमाइड या औषधाच्या शोकांतिकेनंतर जगात ठिकठिकाणी जन्मजात व्यंगांची नोंद ठेवायला सुरुवात झाली होती. तशी एक नोंद फ्रान्समधल्या ल्यों शहरात, रोन-आल्प प्रदेशासाठी ठेवली जाई. ते काम एलिझाबेथ रोबेर यांच्याकडे होतं. बाळाच्या पाठीचा कणा नीट न मिटता उघडा राहणं, म्हणजे स्पायना बिफिडा, या व्यंगाच्या नोंदी तपासताना त्यांना दिसलं की आयांमध्ये फिट्सचं औषध घेणाऱ्या बायका जास्तच आहेत, आणि त्यांच्या औषधांत एकच नाव पुन्हा पुन्हा येतं आहे. ७२ बाळांच्या आयांपैकी ९ जणींनी गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत व्हॅल्प्रोएट घेतलं होतं. इतर व्यंगं असलेल्या बाळांच्या आयांशी ताडून पाहिलं तर जोखीम सुमारे वीसपट भरत होती. ऑक्टोबर १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये रोबेर यांचं पत्र आलं, आणि त्याच सुमारास अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने आपल्या साप्ताहिक पत्रकात ही बातमी दिली. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या दर शंभर गर्भवतींमागे एक-दोन बाळांना स्पायना बिफिडा, हा अंदाज पुढच्या अभ्यासांतही टिकला. १९८४ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी अशा मुलांच्या चेहऱ्यामोहऱ्यातली सारखी खूण टिपली: पातळ वरचा ओठ, बसकं नाकाचं मूळ. त्या लक्षणसमूहाला नावही मिळालं.

यात काळाचं गणित क्रूर आहे. गर्भाच्या पाठीची नळी गर्भधारणेनंतर अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास मिटून जाते. पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. बाईला दिवस गेल्याची खात्री पटेपर्यंत, सासूला सांगेपर्यंत, डॉक्टरकडे जाईपर्यंत व्हायचं ते झालेलं असतं. त्यामुळे ‘दिवस राहिले की कळवा’ हा सल्ला या गोळीच्या बाबतीत निरुपयोगी. सांगायचं तर ते आधीच, लग्नाच्या किंवा मुलाच्या विचाराच्याही आधी सांगायला हवं. शिवाय डोसाचाही संबंध होताच. गोळी जेवढी जास्त, धोका तेवढा जास्त, आणि कितीही कमी डोस धोक्याबाहेर आहे असं ठरवता आलं नाही. फॉलिक आम्लाच्या गोळ्या देण्याचा सल्ला रूढ झाला, पण त्यांनी हा धोका पुसला जातो, असं सिद्ध झालं नाही.

मग १९८२ नंतर बायकांना हे सांगितलं गेलं का? काहींना सांगितलं गेलं. पुष्कळांना नाही. आणि का नाही, याचं एक उत्तर इंग्लंडमधल्या सरकारी दप्तरात पडून होतं. व्हॅल्प्रोएट तिथे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आलं, तेव्हा प्राण्यांच्या गर्भांवर त्याचा परिणाम होतो हे ठाऊक होतं. १९७३ मध्ये औषध-सुरक्षा समितीसमोर फिट्सच्या औषधांमुळे गर्भाला होणाऱ्या धोक्याचा विषय आला. ठरलं असं की डॉक्टरांना सूचना द्यावी, पण खोक्यातल्या चिठ्ठीत ती घालू नये, म्हणजे रुग्णांच्या नजरेस पडायची भीती राहणार नाही. कारण दिलं गेलं ते बायका उगीच घाबरतील, हे. बैठकीतली माणसं दुष्ट नव्हती. धोका काळजीपूर्वक तोलणारीच होती. गोळी मात्र जिला गिळायची होती, ती त्या तोलण्यात धरलीच नव्हती. हे कागद उजेडात यायला चाळीसहून अधिक वर्षं लागली आणि ते उजेडात आणले ते आयांनी. एमा मर्फी आणि जॅनेट विल्यम्स या दोघींनी २०१२ मध्ये आपली संघटना काढली. दोघींनीही गर्भारपणात हे औषध घेतलं होतं, दोघींच्याही मुलांवर त्याचा परिणाम झाला होता. त्याआधी तिथल्या कुटुंबांनी ही गोळी बनवणाऱ्या कंपनीवर दावा लावला होता, पण सरकारी कायदेशीर मदत काढून घेतली गेली आणि २०१० मध्ये तो खटला सुनावणीआधीच कोसळला.

एव्हाना आणखी एक गोष्ट पुढे आली होती. पाठीचा कणा नीट असलेली, दिसायला धडधाकट मुलंही मागे पडत होती. उशिरा बोलणं, शाळेत न जमणं, माणसांत न मिसळणं. एखाद्या आईला ही आपल्याच मुलाची गत वाटावी, शेजारणीला लाडाचा परिणाम वाटावा, अशी ही लक्षणं. किमफर्ड मेडर यांच्या गटाने अमेरिका आणि ब्रिटनमधल्या पंचवीस केंद्रांत फिट्सची औषधं घेणाऱ्या गर्भवती आणि त्यांची मुलं वर्षानुवर्षं पाहिली. २००९ मध्ये तीन वर्षांच्या मुलांचे बुद्ध्यांक छापून आले. ज्यांच्या आयांनी लॅमोट्रिजिन घेतलं त्यांची सरासरी १०१, फेनिटॉइन ९९, कार्बामाझेपिन ९८, आणि व्हॅल्प्रोएट ९२. २०१३ मध्ये डेन्मार्कच्या नोंदींतून साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास आला: ऑटिझमच्या वर्गात येणाऱ्या विकारांचं प्रमाण एरवी शंभरात दीड, तर गर्भात व्हॅल्प्रोएट पोहोचलेल्या मुलांत साडेचारच्या आसपास. आज मानलं जाणारं चित्र असं, की गर्भारपणात हे औषध घेतलं तर शंभरात दहाएक मुलांना मोठं शारीरिक व्यंग आणि तीस ते चाळीस मुलांच्या वाढीत अडचण येऊ शकते. याची दुसरी बाजूही आहे. बहुतेक मुलांच्या देहात कसलंच व्यंग नसतं, आणि निम्म्याहून अधिक मुलांची वाढही नीट होते. त्यामुळेच ‘माझ्या मुलाला काही झालं नाही’ असं सांगणारी बाई प्रत्येक गावात सापडते, आणि तीही खरंच सांगत असते.

फ्रान्समध्ये या सगळ्याला तोंड फोडलं ते मारीन मार्तिन यांनी. त्यांना लहानपणापासून फिट्स; दोन्ही गर्भारपणांत त्यांनी डेपाकिन घेतलं; दोन्ही मुलांवर परिणाम. कारण त्यांनी स्वतःच शोधलं आणि २०११ मध्ये पीडित कुटुंबांची संघटना उभी केली. सरकारच्या सामाजिक-आरोग्य तपासणी विभागाचा अहवाल २०१६ मध्ये आला आणि त्यात औषध-नियामक संस्था व कंपनी दोघांवर ढिलाईचा ठपका होता. २०१७ मध्ये सरकारी अंदाज आला: १९६७ ते २०१६ या काळात या औषधामुळे २१५० ते ४१०० मुलं मोठ्या शारीरिक व्यंगासह जन्मली. पुढच्या वर्षीचा अंदाज वाढीतल्या दोषांचा, सोळा हजार सहाशे ते तीस हजार चारशे. एक गोळी, एक देश, अर्धशतक.

कंपनी सनोफी. तिचं म्हणणं असं, की आम्ही ऐंशीच्या दशकापासून धोक्याची माहिती अधिकाऱ्यांना देत होतो, चिठ्ठी बदलायला परवानगी मागत होतो. उशीर सरकारकडून झाला. यातलं कितपत खरं, हे न्यायालयाचं काम, आणि ते संपलेलं नाही. २०२० मध्ये कंपनीवर गंभीर स्वरूपाच्या फसवणुकीचे आणि पुढे निष्काळजीपणे मृत्यू ओढवल्याचे आरोप ठेवले गेले. त्याच वर्षाअखेरीस सरकारी औषध-संस्थेवरही आरोप आले. जानेवारी २०२२ मध्ये पॅरिसच्या दिवाणी न्यायालयाने कंपनीने दक्षतेत आणि माहिती देण्यात कसूर केल्याचं म्हटलं. वाचणाऱ्याच्या लक्षात राहावी अशी गोष्ट निराळी आहे: दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात, म्हणजे माहिती होती, हे दोघांनाही मान्यच आहे.

युरोपीय औषध संस्थेने २०१४ मध्ये सूचना कडक केल्या. फरक पडला नाही, म्हणून २०१७ मध्ये पुन्हा तपासणी सुरू झाली आणि २६ सप्टेंबर २०१७ रोजी लंडनमध्ये संस्थेच्या इतिहासातली पहिली जाहीर सुनावणी झाली. समोर मेंदूविकारतज्ज्ञ, औषधविक्रेते, कंपनी, आणि आया. तक्रार आकड्यांची नव्हती. दुकानदार मोठ्या डब्यातून गोळ्या मोजून पांढऱ्या कोऱ्या खोक्यात घालून देतात, त्यामुळे धोक्याची चिठ्ठी आणि खोक्यावरचं चिन्ह दोन्ही घरापर्यंत येतच नाही, हे ब्रिटनमधल्या बायका सांगत होत्या. त्या वर्षी तिथल्या संस्थांनी केलेल्या पाहणीत व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या पाचव्या हिश्शाच्या आसपास बायकांना धोका माहीतच नव्हता. पन्नास वर्षांच्या शास्त्राला दुकानातल्या काउंटरवर अडवायला एक कोरं खोकं पुरलं होतं. ब्रिटनमध्ये ही गोळी मूळ खोक्यातच द्यावी असा कायदा व्हायला ऑक्टोबर २०२३ उजाडलं. त्याआधी मार्च २०१८ मध्ये युरोपने नियम केला: मूल होऊ शकणाऱ्या बाईला ही गोळी दुसरं औषध चालत नसेल तरच, आणि तेही गर्भनिरोधनाची हमी, दरवर्षी तज्ज्ञाशी चर्चा व सही झाल्यावरच. मायग्रेन किंवा मनोविकारासाठी गर्भारपणात तर मुळीच नाही. ब्रिटनमध्ये या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या, बॅरोनेस ज्युलिया कंबरलेज यांच्या समितीचा अहवाल जुलै २०२० मध्ये आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये इंग्लंडच्या रुग्ण-सुरक्षा आयुक्त हेन्रिएटा ह्यूज यांनी पीडितांना भरपाई द्यावी अशी शिफारस केली.

गंमत म्हणजे नियम कडक झाले तशी उलटी भीतीही वाढली. घाबरून गोळी परस्पर बंद करणाऱ्या बाईला झोपेत फिट येऊन जीव जाऊ शकतो, आणि गर्भारपणात मोठी फिट आली तर बाळालाही धोका असतो. म्हणून तज्ज्ञ एकच घोकत राहतात: गोळी बदलायची तर मूल होण्याच्या आधी, डॉक्टरच्या देखरेखीत, हळूहळू.

भारतात व्हॅल्प्रोएट सर्रास दिलं जातं; स्वस्त, जुनं, खात्रीचं. केरळात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. संजीव थॉमस यांनी १९९८ मध्ये फिट्स येणाऱ्या गर्भवतींची नोंदवही सुरू केली, आणि व्हॅल्प्रोएटचा डोस व व्यंग यांचा संबंध तिथेही दिसला. पण इथे एक अडसर युरोपपेक्षा निराळा आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यात १९७६ मध्ये विवाहाच्या अटींमध्ये वेडाबरोबर फेफऱ्याचीही नोंद झाली आणि त्यावरून लग्न रद्द करून घेता येत असे. तो शब्द काढला गेला १९९९ मध्ये. कायद्यातून गेला तरी स्थळ बघताना पोरीच्या फिट्स लपवायची रीत गेली नाही, आणि लपवलेला आजार म्हणजे कपाटात कपड्यांखाली लपवलेली गोळी. जिच्या औषधाचं नावच सासरी ठाऊक नाही, ती मूल होण्याआधी तज्ज्ञाकडे जाऊन डोस बदलून घेणार कशी? काहीजणी लग्नाच्या आठवड्यात गोळी सोडून देतात. मांडवातल्या जागरणाने आणि उपासाने फिट नेमकी तेव्हाच गाठते.

शिवाय आपल्याकडे खोकं घरी येतच नाही. ‘दहा दे’ म्हटलं की दुकानदार कात्रीने पट्टी कापतो, कागदी पुडीत घालतो. पट्टीवरचा निम्मा मजकूर त्याच्याकडच्या उरलेल्या तुकड्यावर राहतो आणि आत घडी घातलेली चिठ्ठी खोक्यासकट कचऱ्याच्या टोपलीत जाते. ब्रिटनने कायदा करून जे बंद केलं, ते इथे कुठल्याही चौकातल्या औषध दुकानात दिवसभर चालू असतं.